पाचवी सीट : दोन तुल्यबळ एसयूव्हींमधून एक निवडताना

"कायेन टर्बो जीटी की उरुस परफॉर्मान्ते? तू सांगशील ती घेतो." मित्राचा फोन असा सुरू झाला. कुणी असं म्हणालं की ओळखावं, याचं मनात ठरलेलं आहे, आता फक्त साक्षीदार हवाय. पण या वेळी माझा अंदाज चुकला. त्याचं खरोखरच ठरत नव्हतं. त्याने दोन्ही गाड्यांचे आकडे एका तक्त्यात मांडले होते आणि त्या तक्त्यानेच त्याला अडकवलं होतं. जिथे बघावं तिथे बरोबरी.

त्याची गरज थोडक्यात अशी. घरात एकच मोठी गाडी राहणार. रोजची धावपळ तिनेच करायची, सुट्टीतला प्रवासही तिचाच, आणि वर्षातून पाच-सहा वेळा ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, तीच न्यायची. ट्रॅकचं वेड जुनं आहे. आधी त्याच्याकडे हलकी दोन दारांची स्पोर्ट्स कार होती. ती विकून तो एसयूव्हीकडे वळला, आणि पिळदार गाडीची सवय लागलेल्या माणसाला साधी एसयूव्ही गोड लागत नाही, म्हणून शोध थेट वरच्या टोकापासून सुरू झाला.

तक्ता

2021 मध्ये आलेली पोर्शेची टर्बो जीटी आणि 2022 मध्ये आलेली लॅम्बोर्गिनीची परफॉर्मान्ते या एकाच घरातल्या चुलत बहिणी. दोघींच्या अंगाखाली फोक्सवॅगन समूहाचा एमएलबी इव्हो हाच पाया, ज्यावर बेंटलीची बेंटेगा आणि ऑडीची आरएस क्यू 8 सुद्धा उभ्या आहेत. इंजिनंही एकाच कुळातली : 3996 सीसी, व्ही 8, दोन टर्बो, आणि ते टर्बो सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खळगीत बसवलेले, म्हणजे एक्झॉस्टची वाट छोटी आणि पायाला प्रतिसाद लवकर. दोन्हीकडे आठ गिअरचा ऑटोमॅटिक. दोन्हीकडे मागची चाकं थोडी वळतात. दोन्हीकडे 48 व्होल्टच्या मोटरवर चालणारा अँटी-रोल बार, जो वळणात गाडीला कलंडू देत नाही. दोन्हीकडे पुढे 440 मिमी व्यासाच्या कार्बन-सिरॅमिक ब्रेक डिस्क.

आकडे बघा. कायेन 640 अश्वशक्ती, उरुस 666. टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा पीळ, दोन्हीचा 850 न्यूटन मीटर. शून्य ते शंभर दोन्ही 3.3 सेकंदांत. सर्वोच्च वेग 300 विरुद्ध 306. आता 26 अश्वशक्तीचा फरक म्हणजे चार टक्के. तोही शंभरपर्यंतच्या धावेत दिसत नाही, कारण तिथे इंजिनाआधी टायरची पकड बोलते.

वजनाच्या ओळीवर मित्राने लाल खूण केली होती : 2220 किलो विरुद्ध 2150 किलो. सत्तर किलोंचा फरक, म्हणजे एक माणूस कमी. मी त्याला म्हटलं, ही ओळ जरा बाजूला ठेव. कारखाने वजन वेगवेगळ्या पद्धतींनी सांगतात. जर्मन डीआयएन पद्धतीत चालक धरत नाहीत, युरोपीय महासंघाच्या पद्धतीत 75 किलोंचा चालक धरतात, आणि काही कारखाने तर तेल-पाण्याशिवायचं कोरडं वजन छापतात. दोन्ही गाड्या एकाच काट्यावर चढल्याशिवाय सत्तर किलोंवर निर्णय करू नये.

(नावाबद्दल एक गंमत. उरुस म्हटल्यावर आपल्या कानाला जत्राच ऐकू येते. नाव खरं तर आजच्या गाईबैलांच्या नामशेष झालेल्या रानटी पूर्वजाचं आहे. परफॉर्मान्तेचा आवाज ऐकल्यावर मात्र जत्रेचाच अर्थ बरोबर वाटतो.)

विक्रमांनी काय सांगितलं

बरोबरी सुटत नाही म्हटल्यावर मित्र विक्रमांकडे वळला. टर्बो जीटीने 14 जून 2021 रोजी जर्मनीतल्या न्यूर्बर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या 20.832 किलोमीटरच्या ट्रॅकवर 7 मिनिटं 38.925 सेकंदांची फेरी मारली. चालक होता पोर्शेचा चाचणीचालक लार्स केर्न. म्हणजे सरासरी ताशी 163 किलोमीटर, वळणं, चढ-उतार सगळं धरून. तिकडे परफॉर्मान्तेने अमेरिकेतला पाइक्स पीकचा डोंगर 10 मिनिटं 32.064 सेकंदांत सर केला, सिमोने फाज्जोलीच्या हातात. जवळपास वीस किलोमीटर, 156 वळणं, आणि शेवटची रेषा 4300 मीटरच्या उंचीवर.

दोन्ही कामगिऱ्या थोरच, पण एकीवरून दुसरीचं माप निघत नाही. नॉर्डश्लाइफेवर लांब, वेगवान वळणं आणि उसळत्या रस्त्यावर गाडी किती स्थिर राहते ते कळतं. पाइक्स पीकवर ब्रेक, हेअरपिन, पुन्हा वेग असा मारा, आणि वर जाईल तशी हवा विरळ होत जाते. शिखराजवळ हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास येते. टर्बो इंजिन ती उणीव बरीचशी भरून काढतं, पण स्पॉयलरला दाबायला हवाच कमी मिळते, तिथे काही करता येत नाही.

शिवाय टायर. कायेनला पिरेल्लीने तिच्यासाठीच बनवलेले पी झीरो कोर्सा, पुढे 285 आणि मागे 315 रुंदीचे. उरुस डोंगर चढली ती पी झीरो ट्रोफेओ आर वर, म्हणजे जवळजवळ ट्रॅकचेच, नंबर प्लेटसह चालवता येणारे टायर. अशा विक्रमात निम्मा वाटा टायरचा असतो, असं माझं मत आहे, आणि ते मी मागे घेणार नाही. थंड किंवा ओल्या रस्त्यावर हेच टायर नाखुशीने काम करतात. 2024 मध्ये त्याच पायावरच्या ऑडी आरएस क्यू 8 परफॉर्मन्सने 7:36.698 ची वेळ देऊन कायेनला दोन सेकंदांनी मागे टाकलं, ही बातमी मी मित्राला मुद्दाम ऐकवली. कुळ तेच, फक्त चेहरा शांत. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

स्प्रिंग

मग तक्त्यातली एक ओळ उरली, जी मित्राने बारीक अक्षरात लिहिली होती आणि मला सर्वात मोठी वाटली. कायेनमध्ये एअर सस्पेन्शन, उरुस परफॉर्मान्तेत स्टीलच्या स्प्रिंग.

साध्या उरुसला एअर सस्पेन्शनच असतं. परफॉर्मान्ते करताना ते काढलं, गाडी 20 मिमी खाली बसवली, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर 16 मिमी वाढवलं आणि एकूण 47 किलो वजन उतरवलं. पोर्शेने दुसरी वाट धरली. तीन कप्प्यांचं एअर सस्पेन्शन ठेवलं, ते आधीच्या टर्बो कूपेपेक्षा 15 टक्क्यांपर्यंत कडक केलं, गाडी 17 मिमी खाली आणली आणि पुढच्या चाकांचा आतला कल वाढवला. हेतू दोघांचा एकच, पण स्वभाव दोन झाले.

एअर स्प्रिंगचं काम असं चालतं. रबरी पिशवीत दाबाखालची हवा असते. हवेला जागा जितकी कमी तितकी ती कडक वागते. तीन कप्पे जोडलेले असतील तर गाडी मऊ चालते. झडपा बंद करून कप्पे तोडले की तीच गाडी ताठ होते. आणि ओझं वाढलं की पंप आणखी हवा भरून गाडीची उंची पूर्ववत करतो. दाब वाढल्यामुळे स्प्रिंगही त्या प्रमाणात कडक होते, म्हणून रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या हेलकाव्यांची लय जवळपास सारखी राहते.

स्टीलच्या स्प्रिंगला असं काही जमत नाही. तिचा कडकपणा कारखान्यातून निघाला तोच. त्याबद्दल ती देते सरळपणा. मध्ये पंप, टाकी, झडपा नाहीत. स्टिअरिंग वळवल्यावर पुढच्या कोपऱ्यावर भार कसा उतरतोय ते हाताला थेट कळतं, आणि दहाव्या फेरीलाही ती पहिल्या फेरीसारखीच वागते. ट्रॅकवाल्यांना स्टील आवडतं ते यासाठीच. हिशेब बांधता येतो.

अर्धा दिवस

दोन्ही गाड्या ओळखीच्या मालकांकडून अर्ध्या दिवसासाठी मिळाल्या, बंद ट्रॅकवर. वेळा नोंदवल्या नाहीत. दुसऱ्याच्या गाडीने वेळेच्या मागे लागणं बरं नव्हे, आणि दोघींचे टायरही वेगळे. पण स्वभाव कळायला अर्धा दिवस पुरेसा होता.

कायेनमध्ये पहिलं आश्चर्य म्हणजे तिचं वजन हरवतं. वळणात शिरताना नाक लगेच आत वळतं, अंग हलत नाही, आणि दोन टनांवरची गाडी एखाद्या मोठ्या हॅचबॅकसारखी वागते. तिच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये मागची चाकं कायम चालतात आणि पुढच्यांना गरजेनुसार क्लचमधून टॉर्क मिळतो. त्यामुळे वळणाच्या मध्यावर पाय दाबला तर नाक बाहेर पळत नाही, मागून ढकलल्यासारखं वाटतं. मित्र उतरला तो म्हणाला, "ही मला चुका करूच देत नाही." ही तक्रार आहे की कौतुक, ते मात्र त्याला सांगता येईना.

उरुस वेगळ्या वळणाची. मध्ये टॉर्सन डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत टॉर्क वाटणारी यंत्रणा, पूर्णपणे यांत्रिक, साधारण 40 टक्के पुढे आणि 60 टक्के मागे. मागचं डिफरन्शियल वळणात बाहेरच्या चाकाला जास्त ढकलतं. कोर्सा, म्हणजे ट्रॅकच्या मोडमध्ये ती आखीव रेषा धरते. रॅली मोडमध्ये मात्र शेपूट सैल सोडते आणि स्टिअरिंग उलटं धरायला लावते. अक्रापोविचच्या टायटॅनियम एक्झॉस्टचा आवाज हेल्मेटमधूनही पोहोचतो. टायटॅनियम एक्झॉस्ट कायेनलाही आहे, मधोमध दोन नळ्यांचा, पण तिचा आवाज कामात असलेल्या माणसाचा. उरुस भांडल्यासारखी ओरडते. इंजिन एकाच कुळातलं, तरी दोन घरांत दोन भाषा.

ट्रॅकबाहेरच्या खडबडीत रस्त्यावर फरक लगेच उघडा पडला. कायेनने कप्पे उघडले आणि ती प्रवासाची गाडी झाली. परफॉर्मान्ते ट्रॅकवर होती तशीच राहिली. वाईट नाही, पण प्रत्येक सांधा कळवते.

ब्रेकबद्दल दोन वाक्यं, कारण एसयूव्ही ट्रॅकवर नेणारे इथेच फसतात. चालक आणि पेट्रोलसह 2300 किलो धरले, तर ताशी 200 वरून एकदा थांबताना सुमारे 35 लाख जूल उष्णता तयार होते, म्हणजे दहा लिटरहून अधिक पाणी सामान्य तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी. 1400 किलोंच्या स्पोर्ट्स कारपेक्षा दीडपटीहून जास्त. सिरॅमिक डिस्क ती सोसतात. टायरचे खांदे, म्हणजे कडा, आणि ब्रेकचं तेल तितकं सोसत नाहीत. मित्राला मी बजावलं, दोन्हीपैकी कुठलीही घे, तीन फेऱ्या जोरात आणि एक थंड, हा नियम पाळ. जुन्या हलक्या गाडीसारख्या सलग दहा फेऱ्या विसर.

माझा कौल कायेनला होता. ट्रॅकवरची गाडी आणि घरची गाडी एकाच बटणाच्या दोन बाजूंना, हे तिच्यात खरंच जमलंय. मित्राचं मनही तिकडेच झुकत होतं. इथवर तीन आठवडे गेले होते.

वहिनींचा प्रश्न

निर्णय सांगायला त्याच्या घरी गेलो. तक्ता, कप्पे, टॉर्सन, सगळं रंगवून सांगून झालं. वहिनींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मागे तीन जणं बसतात का हिच्यात?"

टर्बो जीटी चार आसनी आहे. मागे दोन वेगळ्या सीट, मध्ये सीट नाही. हे मला माहीत होतं, मित्रालाही माहीत होतं. तक्त्यात तिची ओळच नव्हती. आणि घरात माणसं पाच : तो, वहिनी, दोन मुलं आणि त्याची आई, म्हणजे काकू. तीन आठवडे आम्ही 26 अश्वशक्तींवर चर्चा केली आणि एका माणसाला घरी ठेवून आलो. शौकिनांची ही खोड जुनीच. आपण गाडीची तुलना गाडीशी करतो, घराशी करायचं राहून जातं.

"पाचही जण एकत्र कितीदा जातो?" मित्राने बचाव केला. "वर्षातून आठ-दहा वेळा." वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक छोटी वही काढली आणि म्हणाल्या, दोन महिने लिहूया. प्रत्येक फेरीला गाडीत किती माणसं, एवढंच.

दोन महिन्यांनी वही उघडली. पाच जण एकत्र : नऊ वेळा, फक्त दोन महिन्यांत. ट्रॅक : एकदा, आणि त्याही दिवशी पावसामुळे निम्मं सत्र रद्द झालेलं. उरलेल्या बहुतेक फेऱ्या एकट्याच्या, कमी वेगाच्या. मित्राने स्वतःबद्दल जे चित्र धरलं होतं त्यातला ट्रॅकवाला माणूस खरा होता, पण वहीत तो क्वचितच भेटत होता.

कायेन इथे गळाली. पाच आसनांची, आणखी मऊ कायेन त्याला चालली असती का? "जीटी नाही तर कायेन नको," असं तो म्हणाला. हट्टच, पण त्याचा तर्क मला कळतो. ज्या गाडीचा वरचा अवतार चालवलाय, तिचा खालचा अवतार कायम उणा वाटतो.

उरुसमध्ये मागे तिघांची सीट मिळते. व्हीलबेसही, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही, मोठा, परफॉर्मान्तेत तीन मीटरच्या किंचित वर, कायेनचा 2.895 मीटर. त्या दहा-अकरा सेंटिमीटरमधला बराच भाग मागच्यांच्या गुडघ्यांना मिळतो. उलट बाजू अशी की परफॉर्मान्तेची लांबी 5.14 मीटरच्या घरात जाते. पार्किंगच्या अरुंद वळणावर मागची वळणारी चाकं मदत करतात, पण लांबी काही कमी होत नाही.

पण मग गाठ वेगळीच बसली. पाच माणसं वाहू शकणारी गाडी नेमकी स्टीलच्या स्प्रिंगवाली. मी कागदावर हिशेब मांडला. पाच माणसं आणि सामान मिळून सुमारे 400 किलो. त्यातले अडीचशेच्या वर मागच्या चाकांवर. मागच्या बाजूचं स्प्रिंगवर तोललेलं रिकामं वजन साडेनऊशे किलो आणि स्प्रिंगची नैसर्गिक लय सेकंदाला दोन हेलकावे धरली, तर भरलेली गाडी मागून सुमारे 17 मिमी बसते आणि लय दहा-अकरा टक्क्यांनी मंदावते. ही माझी गृहीतकं आहेत, कारखान्याचे आकडे नव्हेत. मला वाटलं होतं उत्तर भयंकर येईल. आलं नाही. 17 मिमी म्हणजे काही आकाश कोसळत नाही. कडक स्प्रिंग ओझ्याखाली कमीच दबते, तोच तिचा गुण.

खरी अडचण भरलेल्या गाडीची नव्हतीच, ती रिकाम्या गाडीची होती. वहीतल्या बहुतेक ओळी एकट्या माणसाच्या, म्हणजे कडक स्प्रिंग सर्वात कडक वाटेल अशा अवस्थेतल्या. आणि काकूंची कंबर. त्यांना चाचणीला मी मुद्दाम मागे बसवलं होतं. पंधरा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "गाडी छान आहे रे, पण ही मला मोजतेय." याहून नेमकं वर्णन आजवर कुठल्या चाचणीत माझ्या वाचनात आलेलं नाही.

शेवटी घेतली ती

मित्राने तक्त्यातली कुठलीच गाडी घेतली नाही. त्याने उरुस एस घेतली. तेच 666 अश्वशक्तीचं इंजिन, तोच 850 चा टॉर्क, तेच सिरॅमिक ब्रेक. पण एअर सस्पेन्शन आणि मागे तीन जागा. शून्य ते शंभर 3.5 सेकंद, वेग 305.

माझा विरोध होता आणि तो मी नोंदवला. परफॉर्मान्तेतून स्टीलची स्प्रिंग आणि ती खालची बैठक काढली की ट्रॅकवरचा तिचा मुख्य मुद्दाच जातो. उरतं ते मोठं इंजिन आणि मोठा आवाज. ट्रॅकवर ती कायेन जीटीच्या आसपास राहणार नाही हे मला आजही वाटतं. मित्राने उत्तरात वही पुढे केली. तिच्यासमोर माझं काही चाललं नाही.

ट्रॅकसाठी त्याने चाकांचा वेगळा संच घेतला, चिकट टायर चढवलेला. घरच्या टायरवर तो तिथे जात नाही. ब्रेकचं तेल उच्च उत्कलनबिंदूचं घातलं. तीन फेऱ्या जोरात, एक थंड, हा नियम पहिल्या दिवशी पाळला, दुसऱ्या दिवशी चौथी जोरात मारली आणि पुढच्या डाव्या टायरचा खांदा खरवडून परत आला. फोनवर ते सांगताना तो हसत होता.

मागच्या मधल्या सीटचा प्रश्न मात्र आमच्यापैकी कुणालाच आधी दिसला नव्हता. मध्ये ट्रान्समिशनचा उंचवटा येतो, पाय दोन्हीकडे फाकवून बसावं लागतं. काकू तिथे बसणं शक्य नाही, थोरल्याचे पाय लांब. सध्या धाकटा बसतो, आणि दर प्रवासाला निघताना त्याच्याशी नव्याने वाटाघाटी होतात. वही अजून गाडीच्या कप्प्यात आहे. वहिनींनी तिच्यात आता एक नवा रकाना आखलाय : मध्ये कोण.